त्याच्या सत्काराची शाल

त्याच्या सत्काराची शाल माझ्याकडे आहे. मरून रंगाची, कडांना जरीची पट्टी, अंगावर घेतली तर टोचेल अशी. मी ती व्हीलचेअरची चाकं पुसायला वापरतो. इथे मेलबर्नच्या पॉइंट कुकला पाऊस झाला की फुटपाथवरची माती टायरच्या खाचांत जाऊन बसते आणि घरात येताना ती पुसली नाही, तर कार्पेटवर दाराकडून आतपर्यंत दोन रेघा उठतात. आधी या कामाला जुना टॉवेल होता. शाल त्यापेक्षा बरीच चांगली पुसते. सूड उगवावा आणि तो घरात उपयोगीही पडावा, याहून मोठं समाधान मला तरी ठाऊक नाही.

ही शाल त्याला मिळाली, ती माझी सेवा केल्याबद्दल.

मी मेलबर्नला शिकायला आलो. पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळाला त्याच वर्षी डँडेनॉन्गच्या एका गोदामात वरच्या रॅकवरून मालाने भरलेला पॅलेट घसरला आणि कमरेखालचं बरंचसं शरीर माझं ऐकेनासं झालं. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की आता तिचा कंटाळा येतो, म्हणून एवढ्यावरच थांबतो. मी एकटा राहतो, स्वयंपाक करतो, घरून नोकरी करतो. गाडी चालवतो. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालतील अशी सोय करून घेतली आहे. ही गाडी लक्षात ठेवा. पांढरी आहे, डावीकडच्या मागच्या दाराला पोचा आलेला आहे.

आणि मी गे आहे. एकाच माणसाच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी येऊ शकतात, यावर कोणाचाच विश्वास बसत नाही. मराठी मंडळींना वाटतं, बिचाऱ्याला आता कसलं लग्न आणि कसलं काय. गे मंडळींना वाटतं, हा इथे कशाला आला, चुकून आला असेल.

डेटिंगच्या ॲपवर मी आधी छातीपर्यंतचे फोटो लावायचो. भेटायचं ठरलं की खुर्चीचं सांगायचो आणि समोरचा माणूस त्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात आणि बहुधा आयुष्यभरासाठी बिझी व्हायचा. मग खुर्चीसकट फोटो लावला. त्यावर मेसेज यायचे, 'तुझं सगळं चालतं का?' हॅलो म्हणायच्या आधी. किंवा, 'सो ब्रेव्ह, मेट.' मी कॉफी प्यायला निघालो होतो, त्यात शौर्य कसलं ते मला कळलं नाही. एकजण मात्र आला. कॅफेत माझ्यासमोर उभा राहिला, बसला नाही. ऑर्डर देऊन येतो म्हणाला, ऑर्डर दिली आणि मागच्या दाराने निघून गेला. त्याचा बनाना ब्रेड माझ्या टेबलावर आला, लोण्यात भाजलेला. मी तो सगळा खाल्ला. त्या माणसाचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

मग कोणीतरी भारतीय गे मुलांच्या ग्रुपचं सांगितलं. रविवारी आर्वोला, म्हणजे इकडच्या बोलीत दुपारी, एका पबच्या वरच्या मजल्यावर जमायचे. लिफ्ट नव्हती. मी खाली पोचल्याचा मेसेज केला, तर चार-पाच जण जिन्याच्या तोंडाशी आले.

"अरे यार, उठा लेंगे, तू टेन्शन मत ले," त्यातला एक म्हणाला.

मला गव्हाच्या पोत्यासारखं वर न्यायला चार जण तयार होते, खाली येऊन बसायला एकही नव्हता. मी नको म्हणालो. ते "नो वरीज" म्हणून वर गेले. वरून हसण्याचे आवाज येत राहिले. मी लेमन लाइम बिटर्स नावाचं इथलं सरबत घेतलं आणि ते संपलं की निघायचं ठरवलं.

तेवढ्यात तो खाली आला. माझ्याच वयाचा, पुण्याचा, आयटीवाला, दोनच वर्षांपूर्वी व्हिसावर आलेला. "वर फार गर्दी आहे," असं मराठीत म्हणाला. एक बुटकं स्टूल ओढलं आणि माझ्या डोळ्यांच्या पातळीला येईल असा बसला. हे आजवर कोणी केलं नव्हतं. लोक माझ्याशी उभ्याने बोलतात आणि मी त्यांच्या पट्ट्याच्या बकलाशी बोलतो. पायऱ्या उतरून माझ्यासाठी खाली आलेला माणूस, एवढ्याच गोष्टीवर मी त्याच्या प्रेमात पडलो. तो का उतरला होता ते पुढे वर्षभराने बोलता बोलता कळलं. वर इन्स्टाग्रामसाठी ग्रुप फोटो काढत होते. त्याला फोटोत यायचं नव्हतं.

पण खोटं बोलणार नाही. त्याने मला हात लावला तो कधी घाबरत घाबरत लावला नाही. मला कुठे जाणवतं, कुठे जाणवत नाही, हे त्याने विचारलं, लक्षात ठेवलं आणि पुन्हा विचारलं नाही. शनिवारी सकाळी यायचा, रविवारी संध्याकाळी जायचा. तीन वर्षं. त्याला आणायला आणि सोडायला मी जायचो, कारण त्याला गाडी येत नव्हती. टेस्टमध्ये तीनदा नापास झाला होता. तिन्ही वेळा पार्किंगमध्येच. टार्निट नावाच्या उपनगरात एका मराठी कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावरची खोली त्याने भाड्याने घेतली होती. दादा, वहिनी आणि त्यांची शाळकरी मुलगी. त्या घरासमोर मी गाडी कधीच थांबवली नाही. कोपऱ्यावर थांबायचं, असं ठरलेलं होतं. रविवारी जाताना मी त्याला डबा द्यायचो. थालीपीठं, मसालेभात, कधी भरली वांगी.

आमचं भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. मला एवढंच हवं होतं की जगातल्या एका तरी माणसासमोर त्याने सांगावं, हा माझा आहे. आई-वडिलांना सांग म्हटलं नाही. ऑफिसात सांग म्हटलं नाही. एक माणूस, कोणताही.

एक दिवस तो हसत हसत आला. "वहिनींनी विचारलं, दर शनिवारी कुठे जातोस. मी म्हटलं, एक अपंग मित्र आहे, त्याला मदत लागते. काय खूश झाल्या माहितीये?"

मीही हसलो. ही माझी चूक, आणि ती मी कोणावरही ढकलणार नाही. त्या दिवशी मी हसलो नसतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

कारण ती थाप त्याला फार सोयीची पडली. तिच्या आडोशाने तो मला कुठेही नेऊ शकत होता. पाडव्याचं जेवण, कोजागरी, इथल्या मराठी मंडळाचं नाटक. लोक यायच्या आत पोचायचं, गाडी कोपऱ्यात लावायची, आणि मग त्याने माझी खुर्ची ढकलत आत यायचं. माझ्या खुर्चीला मागे हँडल नव्हती. मी ती मुद्दाम काढून टाकली होती, कारण हँडल दिसलं की कोणीही येतं आणि न विचारता ढकलायला लागतं.

"बसवून घे ना परत," तो म्हणाला. "लोकांसमोर बरं दिसतं."

मी बसवून घेतली. मी स्वतः ॲलन कीचा पाना घेऊन बसवली. त्याबद्दल त्याला एक वेळ माफ करीन, स्वतःला नाही.

मंडळी त्याच्यावर लट्टू झाली. आपल्या लोकांना सेवा करणारा माणूस फार आवडतो, विशेषतः ती दुसरं कोणी करत असेल तर. काकू मंडळी मला टाळून त्याला विचारायच्या, "ह्यांना तिखट चालतं का?" तो माझ्याकडे न बघता सांगायचा, "थोडं कमी द्या." मी कोल्हापूरकडचा आहे. परत येताना मी गाडीत एक शब्द बोलायचो नाही आणि तो एफएम लावायचा.

शेवटी मागच्या वर्षी त्याने शब्द दिला. गणपतीला दादा-वहिनींना सांगतो. स्वतःहून म्हणाला. मी चार महिने त्या शब्दावर काढले. गणपतीच्या आदल्या शनिवारी त्याला घेऊन वेस्ट गेट ब्रिजवरून शहरात चाललो होतो, दोन्ही हात गाडी चालवण्यात गुंतलेले, आणि त्याने तेव्हाच सांगितलं. मला वाटतं, मी वळून बघू शकणार नाही अशीच जागा त्याने निवडली.

"मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला होता. त्यांना माझा सत्कार करायचाय."

"कशाबद्दल?"

"म्हणजे, तुझ्यासाठी जे करतो त्याबद्दल. नाही कसं म्हणणार? तुलाही दोन शब्द बोलायला सांगणार आहेत. छान बोल हं."

"आणि वहिनींना सांगणार होतास ते?"

"हे एकदा होऊन जाऊ दे ना."

पूल संपला तेव्हा माझं ठरलेलं होतं. म्हटलं, बोलतो की. छानच बोलतो.

पुढचे आठ दिवस मी भाषण तयार केलं. अंघोळीच्या वेळी म्हणायचो, भाजी चिरताना म्हणायचो. पहिल्या मसुद्यात सगळंच होतं, त्याच्या उशीच्या बाजूपासून. मग ते खोडलं. त्याचं गुपित त्याचं होतं. ते फोडायचा हक्क मला नाही, हे मला रागातही कळत होतं आणि त्याचाही राग येत होता. पण माझं गुपित माझं होतं. माझ्याबद्दल मी हवं ते बोलू शकत होतो. बाकीचा हिशेब लोकांनी करावा. तीन वर्षं, दर शनिवार, दर रविवार. आयटीतली माणसं होती सगळी, एवढं जमेल असं वाटलं.

कार्यक्रम डँडेनॉन्गच्या एका हॉलमध्ये होता. दुपारची वेळ. आरती झाली, मुलांची नाचगाणी झाली, आणि अध्यक्षांनी त्याला स्टेजवर बोलावलं. स्टेजला चार पायऱ्या होत्या, रॅम्प नव्हता. माझ्या सेवेबद्दल सत्कार आणि मीच तेवढा वर जाऊ शकत नव्हतो. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. मी खाली, पहिल्या रांगेच्याही पुढे, आणि तो वर.

मानपत्र वाचलं गेलं. त्यात मी 'दिव्यांग बांधव' होतो आणि तो 'निरपेक्ष सेवेचा नंदादीप'. शाल पांघरली. नारळ दिला. सुपरमार्केटचा असावा, त्याला शेंडीसुद्धा नव्हती. मग वायर ओढत माइक माझ्यापर्यंत आणला. त्याने वरून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या क्षणी तो घाबरलेला होता. मला ते बघून बरं वाटलं.

मी म्हणालो, "नमस्कार. मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. मी गे आहे. आणि ह्याच्यावर माझं प्रेम आहे, गेली तीन वर्षं. हा माझ्याकडे सेवा करायला येत नाही. मला कोणाच्या सेवेची गरज नाही. तो का येतो, हे तोच सांगेल."

मागे कोणाचं तरी बाळ रडत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मी मनात म्हटलं, झालं. आता सुटका नाही.

आणि टाळ्या सुरू झाल्या.

आधी मला कळेना. मग अध्यक्षांनी माइक घेतला, त्यांचा आवाज भरून आला होता. "केवढं धाडस लागतं हो हे बोलायला. आणि ह्याचं मन बघा. सगळं माहीत असूनसुद्धा हा तीन वर्षं जातोय. दुसरा कोणी असता तर पाऊल टाकलं असतं का त्या घरात?"

टाळ्या वाढल्या. एक काकू उठल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि डोळे पुसत जागेवर गेल्या. माझं प्रेम त्यांनी मान्य केलं होतं. त्याचंही माझ्यावर असू शकेल, हे मात्र त्या दीडशे डोक्यांपैकी एकाही डोक्यात आलं नाही. माझ्यावर कोणी प्रेम करणं हे गे असण्याच्याही पलीकडचं होतं. मी इतका हरलो आहे असं मला त्या गोदामाच्या फरशीवरही वाटलं नव्हतं.

तरीही एक जागा उरली होती. अध्यक्षांनी माइक त्याच्या हातात दिला. तो आता काहीही बोलू शकत होता. लोक रडत होते, टाळ्या वाजवत होते. इतका मऊ झालेला हॉल त्याला आयुष्यात पुन्हा मिळाला नसता.

त्याने शाल सारखी केली. "मी काही विशेष केलं नाही," तो म्हणाला. "माणुसकीच्या नात्याने जे कर्तव्य होतं, ते केलं."

त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद होता. त्याने खोटं बोलणं एक वेळ मी गिळलं असतं. तो आनंद मला गिळता आला नाही, अजूनही येत नाही.

मग फोटो सुरू झाले. खाली उतरून तो माझ्याकडे आला आणि शाल आणि नारळ माझ्या मांडीवर ठेवले. सगळेच ठेवतात, पर्स, जॅकेट, पाण्याच्या बाटल्या. माझी मांडी म्हणजे सार्वजनिक टेबल आहे.

"दोन मिनिटं धर हं," तो म्हणाला आणि सेल्फीला गेला.

मी दोन मिनिटं धरलं. मग खुर्ची वळवली आणि बाहेर पडलो. पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडलं, सीटवर सरकलो, चाकं काढून मागच्या सीटवर टाकली, खुर्चीचा सांगाडा अंगावरून ओढून शेजारच्या सीटवर घेतला. रोजचं काम आहे, फार वेळ लागत नाही. मान वर केली तर समोर वहिनी उभ्या होत्या, मुलीचं जॅकेट हातात घेऊन. त्या माझ्याकडे बघत होत्या, मग गाडीकडे, मग मागच्या दाराच्या पोच्याकडे. मी मान लववली आणि गाडी काढली.

डँडेनॉन्ग शहराच्या एका टोकाला आणि टार्निट दुसऱ्या. मधल्या एका लाइनवर त्या रविवारी ट्रेनऐवजी बस होत्या, हे मी सकाळीच पाहून ठेवलं होतं. दादांच्या गाडीत जागा नव्हती, त्यांच्याकडे भारतातून आई-वडील आले होते. फोन वाजत राहिला. मी उचलला नाही. घरी जाऊन नारळ फोडला, अर्ध्याची चटणी केली, अर्ध्याच्या वड्या. मग ॲलन की शोधली आणि खुर्चीची दोन्ही हँडल काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

त्याचे मेसेज रात्रीपर्यंत येत होते. पहिल्यांदा 'कुठे आहेस', मग 'लोक विचारतायत', मग 'सगळे विचारतायत गाडी कोण चालवतं, काय सांगू?' शेवटच्या मेसेजमध्ये त्याने मला नीच म्हटलं होतं. मी तो दोनदा वाचला.

मंगळवारी संध्याकाळी वहिनींचा फोन आला. नंबर मंडळाच्या ग्रुपवरून घेतला होता. त्या थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, "आमच्या कोपऱ्यावर दर शनिवारी एक पांढरी गाडी थांबायची. ती तुमचीच ना?"

"हो."

"तो म्हणायचा, तुमच्यासाठी स्पेशल टॅक्सी येते. आणि ते डबे? माझी मुलगी त्यातली थालीपीठं मागून खायची. तो म्हणायचा, मंडळातलं कोणीतरी देतं."

"मीच करायचो."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. त्यांनी गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"म्हणजे सेवा कोण कोणाची करत होतं?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "तुम्ही परवा बोललात ते एकट्याचंच होतं, की दोघांचं?"

हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून मी तीन वर्षं थांबलो होतो. उत्तर माझ्या ओठावर होतं. ते देऊन टाकलं असतं तर त्याची त्यातूनही सुटका झाली असती. मी सांगितलं असतं आणि त्याने नाकारलं असतं.

"ते त्यालाच विचारा, वहिनी," मी म्हणालो. "घरी आहे का तो?"

"आहे. इथेच टेबलाशी बसलाय."

"मग आत्ताच विचारा. मी थांबतो फोनवर."

त्यांनी फोन ओट्यावर ठेवला. मग त्यांचा आवाज आला, जरा लांबून, पण स्पष्ट. जसा मला विचारला होता तसाच प्रश्न त्यांनी त्याला विचारला. मी फोन कानाशी घट्ट धरला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पावलं ऐकू आली, आधी फरशीवर, मग लाकडावर. जिना. तो जिना मी कधी पाहिलेला नाही. मी तिथे चढू शकत नाही हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

वहिनींनी फोन उचलला. "वर गेला," त्या म्हणाल्या.

"हो. ऐकलं मी."

मग कुकरचं झाकण काढल्याचा आवाज आला.

"जाऊ दे," वहिनी म्हणाल्या. "जेवायला खाली येईलच की. तेव्हा परत विचारते."